आठ वाजताची गोळी

पेणला आम्ही जिच्या घरात सहा वर्षं भाड्यानं राहिलो, तिला सगळी आळी आत्या म्हणायची. ती खरी आत्या एकाच मुलीची होती, भावाच्या मुलीची. बाकीच्यांनी म्हटलेलं तिला आवडत नसे. "माझ्या भावाला एवढी पोरं कधी झाली?" असं ती भाजीवालीला विचारायची, आणि भाजीवाली दुसऱ्या दिवशी पुन्हा आत्याच म्हणायची.

ती स्वतः कुणाला नावानं हाक मारत नसे. मी रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीत प्रयोगशाळेत कामाला, म्हणून मी 'धाटाव'. मागच्या खोलीत एसटीचा एक कंडक्टर राहायचा, तो 'यष्टी'. आम्ही वरच्या दोन खोल्यांत, म्हणून माझी बायको 'वरची'. पुढं आम्हाला मुलगा झाला, तो 'वरचीचा'. भाचीला तेवढी ती 'गो' म्हणायची, तेही नाव नव्हेच. त्या मुलीचं नाव मीही लिहीत नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा भाड्याचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. अटीचं बोलणं अर्धा तास चाललं. अट एकच होती. संध्याकाळी आठ वाजता घरात जो कोणी असेल त्यानं खाली पडवीत यायचं आणि सगळ्यांबरोबर एक गोळी पाण्याशी घ्यायची. सकाळी आठला ज्याची त्याची कामाची गडबड, म्हणून सकाळची सूट. रविवारी मात्र दोन्ही वेळा.

"कसली गोळी?" मी विचारलं.

"तुमची तुमी ठरवा. मी काय डॉक्टर हाय?"

"पण मला काही आजार नाही."

"नाय ना? मग होऊ नये म्हणून घ्या."

"आणि नाही घेतली तर?"

"तर दुसरी खोली बघा. पेणात खोल्या काय कमी हायत?"

त्याआधी आम्ही अकरा खोल्या पाहिल्या होत्या. ही बारावी. पाणी दोन वेळा येत होतं आणि स्टेशन चालत सतरा मिनिटांवर होतं. मला रोज रोह्याची गाडी धरायची असे. बाईचा काहीतरी चळ आहे, असं धरून आम्ही अट मान्य केली. मी खडीसाखरेचा खडा ठरवला. बायको पहिले काही महिने लवंग घ्यायची, मग दिवस गेल्यावर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी. यष्टी जिऱ्याची आंबटगोड गोळी चघळायचा, त्यावर आत्या त्याला रागवायची, "चघळायची नाय, गिळायची." ती स्वतः भाजलेला हरभरा गिळायची. भाचीची गोळी तेवढी छोट्या पांढऱ्या बाटलीतून यायची. बाटलीवरचा कागद खरवडून काढलेला होता. आम्ही आलो तेव्हा भाची सात वर्षांची होती.

पडवीत भिंतीवर एक घड्याळ होतं आणि आत्याच्या मनगटावर दुसरं. दोन्हींत फरक पडला की ती यष्टीला तिसरं विचारायची.

"आत्या, माझ्या घड्याळाचं काय घेऊन बसलीयस? आमची गाडी वेळेवर सुटली असती तर लोक मला शिव्या देत असते का?"

"गाडीचं नाय विचारलं. किती वाजले ते सांग."

यष्टी गागोद्याच्या बाजूचा, भातशेतीवाल्या घरातला. आत्या खारेपाटातली, तिच्या माहेरी खाडीकाठी मिठागरावर काम. दोघं एकमेकांच्या बोलण्याची नक्कल करायची आणि भाची दोघांची.

आत्याचं काम गणपतीच्या कारखान्यात. पेणमध्ये हे कारखाने बारा महिने चालतात आणि कामाच्या वाटण्या ठरलेल्या असतात. कुणी साचा भरतो, कुणी अंगाचा रंग मारतो. डोळ्यांच्या आखणीला मात्र हात ठरलेले असतात. आत्याकडं फक्त डोळे होते. एक डोळा एका श्वासात, असा तिचा नियम. दोन्ही डोळे होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, कारण एका डोळ्याचा देव ठेवून बोलत बसलेलं देवाला आवडत नाही, असं ती सांगायची. दिवसाला किती होतात हे मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मोजलं की हात कापतो." एका रविवारी मी कारखान्यात बसून मोजलं. तासाला एकोणीस मूर्ती, म्हणजे अडतीस डोळे. तिला मी सांगितलं नाही.

महिन्यातून एकदा ती कारखान्यातून रजा घेऊन भाचीला घेऊन अलिबागला जायची. मालकाला दर वेळी वेगळं कारण. लग्न, बारसं, मयत, जमिनीची मोजणी. मालक सज्जन होता आणि त्याची स्मरणशक्ती चांगली होती. एकदा तो माझ्यासमोर म्हणाला, "आत्या, तुमचा मावसा माझ्या हिशेबानं तिसऱ्यांदा वारतोय. या वेळी नक्की ना? मी हार पाठवतो."

"हार नको," आत्या म्हणाली. "परत उठला तर पंचाईत."

ती मला म्हणायची, "खोटं बोलायचं तर वेळेवर बोलायचं. उशिरा बोललेलं खोटं सापडतं." माझं सगळं आयुष्य, जे मोजलं तेच लिहायचं, या कामात गेलं आहे.

'बिचारी' हा शब्द तिच्यापुढं चालत नसे. शाळेतल्या कुणा आईनं भाचीकडं बघून म्हटलं, "बिचारी, आईबाप दोघं नाहीत." आत्या म्हणाली, "तुमचे हायत ना? मग भेटायला जात जा." त्या बाई पुन्हा आमच्या आळीतून गेल्या नाहीत.

आम्हाला खरं कळलं ते आमचा मुलगा रांगायला लागल्यावर. तोपर्यंत पावणेदोन वर्षं मी रोज खडीसाखर गिळत होतो आणि का, हे विचारलं नव्हतं. मुलगा दिवसभर खाली भाचीजवळ असायचा. एका सकाळी आत्या जिना चढून आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"तुमचं पोर माझ्या पोरीच्या मांडीवर असतं. तुमाला ठाऊक पायजे. तिला एचायव्ही हाय, जन्मापासून. ती गोळी त्याचीच. तिला मी रक्त वाढायची गोळी म्हणून सांगितलंय. तिला कळलं नाय पायजे. खोली सोडायची तर सोडा, मी कुणाला सांगणार नाय का सोडली ते."

एवढं बोलून ती उतरली. आम्हाला प्रश्न विचारायला वेळ दिला नाही.

बाकीचं तिनं पुढं तुकड्यातुकड्यानं बायकोला सांगितलं. तिचा भाऊ टेम्पो चालवायचा. आधी वहिनी गेली, मग दीड वर्षानं तो. त्याच्या बाराव्याला गावच्या घरात पंगत बसली तेव्हा तीन वर्षांच्या मुलीचं पान वेगळं, गोठ्याच्या बाजूला मांडलेलं होतं. कुणी वाईट बोललं नाही. सगळे प्रेमानंच, "तिला तिकडं मोकळं बसू दे" म्हणाले. आत्यानं स्वतःचं पान उचललं, गोठ्याजवळ नेऊन मांडलं, पोरीबरोबर जेवली, आणि दुपारच्या गाडीनं तिला घेऊन पेणला आली. पेणमधलं घर नवऱ्याच्या मागं तिच्याच नावावर होतं. त्यानंतर ती गावच्या कुठल्याही पंगतीला बसली नाही.

आठ वाजताच्या गोळीची युक्ती तिची स्वतःची. पोरगी चार वर्षांची असताना गोळी थुंकायची. 'मलाच का' म्हणून रडायची. आत्यानं हरभरा घेऊन तिच्यासमोर गिळला. मग यष्टीला बसवलं, मग जो भाडेकरू येईल त्याला. यष्टीला तिनं कधी सांगितलं नव्हतं. तो अलिबागच्या गाडीवर होता. दर महिन्याला त्या दोघी सरकारी दवाखान्याच्या थांब्याला उतरताना त्यानं पाहिल्या होत्या आणि आपापलं समजून घेतलं होतं. मुलीला वाटायचं की सगळ्या घरांत असंच असतं. तिसरीत तिनं 'माझे घर' निबंधात लिहिलं होतं, 'आठ वाजता सगळी माणसे गोळी घेतात व मग जेवतात.' बाईंनी त्याखाली लाल शाईनं 'छान' लिहिलं होतं.

मी कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं. नातेवाइकाचं म्हणून विचारलं, हे माझं एक खोटं. ते म्हणाले, एकत्र जेवल्यानं, खेळल्यानं, मांडीवर घेतल्यानं काहीही होत नाही. औषध नीट चालू असेल तर मूल चांगलं वाढतं, शिकतं, म्हातारं होतं. फक्त गोळी चुकता कामा नये. वारंवार चुकली तर विषाणू त्या औषधाला सरावतो, मग तेच औषध लागू पडत नाही, आणि मुलांसाठी दुसरी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

हे सगळं मला समजलं, पटलं, आणि तरीही आम्ही मुलाला अठरा दिवस खाली सोडलं नाही. सर्दी झाली आहे, असं सांगितलं. एकोणिसाव्या दिवशी तो स्वतःच जिन्याच्या तोंडाशी जाऊन रडायला लागला आणि बायकोनं त्याला उचलून खाली नेऊन भाचीकडं दिलं. मला विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

अलिबागच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या कौन्सिलर मॅडम आत्याला सांगत होत्या की मुलगी आता मोठी झाली, हळूहळू सांगायला घ्या, दुसरीकडून कळण्याआधी. त्या म्हणायच्या, आपण दोघी मिळून सांगू. आत्या हो म्हणायची. आधी दिवाळीनंतर सांगणार होती. मग परीक्षेनंतर. मग पावसाळ्यात तिला खोकला झाला म्हणून नको. मग गणपतीचा सीझन. मग पुन्हा दिवाळी. वर्षभरात अशा पाच तारखा झाल्या. मी एकदा त्या तिला मोजून दाखवल्या.

"धाटाव," ती म्हणाली, "तुमी कंपनीत आम्ल मोजता ना? तेच मोजा."

भाची सहावीत, अकरा वर्षांची. त्या गुरुवारी कंपनीत अर्धा दिवस होता, म्हणून मी लवकर आलो होतो. ती पडवीत भूगोलाचा नकाशा रंगवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काका, तुम्ही रोज आठला काय घेता?"

"खडीसाखर."

खरं सांगतो, क्षणभरही विचार केला नाही. विचारलं ते सांगितलं.

"रोज?"

"रोज."

"काकू लोहाची घेते ना?"

"ती बाळ होईपर्यंत घ्यायची. आता लवंग घेते."

"यष्टीकाकाची जिऱ्याची, ते मला माहिती आहे. आणि आत्याचा हरभरा." तिनं समुद्राचा निळा रंग पूर्ण केला. "माझ्या मैत्रिणीच्या घरी कुणीच काही घेत नाय. मी विचारलं."

ती पुन्हा नकाशाकडं वळली, मी वर निघून गेलो. विषय संपला असं मला वाटलं, आणि आत्याला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही. आठ वाजता आम्ही सगळ्यांनी गोळ्या घेतल्या. भाचीनंही घेतली.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पडवीत उंदीर शिरला. कोपऱ्यात पाटावर फूटभर उंचीची एक कच्ची, बिनरंगाची मूर्ती बरीच वर्षं नमुना म्हणून ठेवलेली होती. प्लास्टरची, आतून पोकळ. यष्टी झाडू घेऊन आला. "वाहन मालकाच्या मागं लपलंय," म्हणाला, आणि त्यानं मूर्ती उचलली. उंदीर नव्हता. पाटावर गोळ्यांचा छोटा ढीग होता. काही कोरड्या, काही विरघळून एकमेकींना चिकटलेल्या.

"आत्या," यष्टी हळूच म्हणाला.

ती स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी आली आणि उभी राहिली. मी जिन्यावरून उतरत होतो.

"धाटाव, मोजा," ती म्हणाली.

मी उकिडवा बसून मोजल्या. एकोणीस. दिवसाला दोन. आजची सकाळची अजून व्हायची होती. म्हणजे कालपर्यंतच्या नऊ दिवसांच्या अठरा, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळची एक. बोटं मोजत मागं गेलो. शनिवार, शुक्रवार, हा गेलेला गुरुवार, आणि त्याच्या मागचा गुरुवार. मी पुन्हा एकदा मोजलं, कारण उत्तर मला नको होतं.

"गुरुवारपासून," मी म्हणालो. "मागच्या गुरुवारच्या संध्याकाळपासून. तिनं त्या दिवशी मला विचारलं होतं, तुम्ही काय घेता. मी खडीसाखर म्हणालो."

"आणि मला आज सांगताय."

"हो."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती पिठाचे हात बघत राहिली. "तुमी खरं बोललात," ती म्हणाली. "पण नुसतं बोलून वर निघून गेलात. खरं बोलल्यावर थोडं थांबायचं असतं."

यष्टी मूर्ती हातात धरून होता. "देवाखाली लपवलंन पोरीनं," तो पुटपुटला.

"डोळं काढलेलं नायत त्याचं. त्यानं काय बघितलं नाय. खाली ठेव त्याला."

भाची नळावरून आली. एक वेणी घातलेली, दुसरी सुटी. तिनं आधी पाट पाहिला, मग आम्हाला.

"मूर्ती कुणी उचलली?"

"मी," यष्टी म्हणाला. "उंदीर होता गो."

"मग उंदीर शोधा. गोळ्या काय बघता?"

"थुंकलीस?" आत्यानं विचारलं.

"व्हय."

"का?"

"सगळ्यांची खोटी. माझीच खरी. का ते तू सांग."

आठला सात मिनिटं होती. आत्यानं हात धुतले, बाटली आणली, पाण्याचं फुलपात्र भरलं. "ही घे आधी. मग सांगते."

"आधी सांग."

"वेळ झाली."

"वेळ तुझी हाय. माझी नाय."

मी तिला असं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. बायको मुलाला कडेवर घेऊन जिन्यात येऊन थांबली होती. आत्यानं गोळी पुन्हा बाटलीत टाकली. ती टाकतानाही तिचा हात हलला नाही, डोळे काढून काढून तो तसा झाला होता.

"एकटीला सांगू? आत चल."

"नको. सगळ्यांनी मिळून फसवलंत. सगळे बसा."

आम्ही बसलो. यष्टी झाडू घेऊनच बसला.

"तुझ्या रक्तात एक रोग हाय," आत्या म्हणाली. "एचायव्ही त्याचं नाव. तू आईच्या पोटात होतीस तेव्हा आला. तू काय केलं नाय. तिनं पण मुद्दाम केलं नाय."

"दवाखान्याच्या भिंतीवर लिवलेलं असतं तो?"

"तोच."

"आई त्यानंच गेली?"

"व्हय."

"बाबा पण?"

"व्हय."

"त्यांना गोळ्या नव्हत्या?"

"आईचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. तुझ्या बापाला गोळ्या होत्या. चार महिने घेतल्यान. बरं वाटायला लागलं तशा सोडल्यान."

भाची पाटाकडं बघत होती. "मग मी पण मरणार."

"मरशील. मी पण मरेन, हा यष्टी पण मरंल. पण गोळी घेतलीस तर माझ्या आधी जायचं तुला काम नाय. म्हातारी होशील. तुझे दात पडतील, तेव्हा मला शिव्या घालत बसशील."

भिंतीवरचं घड्याळ आठच्या पुढं गेलं. आत्यानं तिकडं पाहिलं आणि मान वळवली. त्या घरात आठ टळून गेलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

भाचीनं यष्टीला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय बाय."

"काका, तुम्हाला?"

"हो. दोन वर्षं."

"तरी बाळाला माझ्याकडं देत होता?"

हो म्हणून भागलं असतं. बायकोला तेच हवं होतं, तिनं माझ्याकडं बघितलं त्यावरून कळलं. "पहिले अठरा दिवस नाही दिलं," मी म्हणालो.

"त्याला सर्दी झाली होती तेव्हा."

"सर्दी झाली नव्हती."

या वेळी मी उठलो नाही. तिथंच बसून राहिलो. ती माझ्याकडं बराच वेळ बघत होती, मग आमच्या मुलाकडं. तो तिला बघून कडेवरून खाली उतरायला धडपडत होता. बायकोनं त्याला सोडलं. तो गेला आणि तिच्या सुट्या केसांना धरून उभा राहिला.

"आण," ती आत्याला म्हणाली.

गोळी तिनं हातात घेऊन उलटसुलट पाहिली, पाण्याशी गिळली. मग आत्यापुढं जाऊन तोंड मोठं उघडलं. जीभ वर, जीभ खाली. मग यष्टीपुढं, मग माझ्यापुढं, मग बायकोपुढं. "बघितलं? नीट बघा. तुम्ही पण बघा." आम्ही सगळ्यांनी बघितलं. बघावंच लागलं.

"उद्यापासून तुमच्यापैकी कुणी काय घ्यायचं नाय," ती म्हणाली. "आणि बाटली माझ्याकडं राहील."

दुसऱ्या दिवशी दोघी अलिबागला गेल्या. कौन्सिलर मॅडम भाचीशी तासभर एकटीशी बोलल्या आणि आत्या बाहेर बाकावर बसली. डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा चालू ठेवलं. लागू पडतंय की नाही, ते तीन महिन्यांनी रक्तात विषाणू मोजल्यावर कळणार होतं.

ते तीन महिने सोपे गेले नाहीत. भाची माझ्याशी पाच आठवडे बोलली नाही. शाळेत एका मुलीशी मारामारी झाली. कधी कधी दुपारी खालून रडण्याचा आवाज यायचा, मग आत्याचा आवाज, मग दार लागल्याचा. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, यावर दोघींचं भांडण व्हायचं. आत्याचं म्हणणं, कुणालाच नको. भाचीचं म्हणणं, ते मी ठरवीन. पण आठ वाजता तिचं दार आतून लागायचं आणि आठ वाजून दोन मिनिटांनी उघडायचं. आत्या त्या दोन मिनिटांत पडवीत काहीतरी करत राहायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. एकदा मी तिला झाडलेली पडवी झाडताना पाहिलं. यष्टी म्हणाला, "आत्या, तिला विचार ना सरळ." ती म्हणाली, "विचारलं तर सांगंल का? तिला शिकवलंय कुणी? मीच ना?"

खरी पंचाईत ही होती. इतकी वर्षं तिनं त्या मुलीला वेळेवर खोटं सांगितलं होतं, आणि आता मुलगी खरं बोलते की नाही हे तिला ओळखता येत नव्हतं. रोज दोन गोळ्या पोटात जातात की आणखी कुठं, याचं उत्तर एका कागदावर येणार होतं.

कागद आला त्या दिवशी संध्याकाळी आत्या वर आली. मी नुकताच रोह्याहून येऊन हातपाय धुतले होते. या वेळी ती उंबऱ्याच्या आत आली.

"रिपोर्ट दिलाय. तिनंच घेतलान, तिनंच वाचलान. मॅडमला सांगितलंन, आत्याला मी सांगीन."

"मग सांगितलं?"

"गाडीत म्हणाली, चांगलाय. तेवढंच." आत्यानं आवाज खाली आणला. "दप्तरात हाय. ती नळावर गेलीय. तुमाला इंग्रजी येतं, आकडं कळतात. चला."

"तिच्या दप्तराला मी हात लावणार नाही."

"मग मला कसं कळायचं?"

"ती चांगला म्हणाली ना?"

"व्हय."

"मग चांगला आहे."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "न बघता? तुमी?"

"हो."

"आणि नसला तर?"

"नसला तर मॅडमनी तुम्हाला आत बोलावलं असतं. आणि पुढच्या वेळी पुन्हा मोजतातच. तोवर तिचा शब्द."

बायकोनं तिच्याकडं पाट सरकवला. ती बसली नाही. बाहेर जाऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर. खाली नळ बंद झाला. भाचीची पावलं पडवीतून आत गेली आणि दार लागलं. आत्यानं मनगट उलटं करून पाहिलं, आठ वाजले होते. ती उठायला गेली, कठड्याला हात लावला, आणि पुन्हा खाली बसली.

दार उघडलं. भाचीनं खालून हाक मारली नाही, काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं ती मोठ्यानं इतिहास वाचायला लागली, आमचा मुलगा तिच्या मागून प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द म्हणायला लागला.

"घेतली असंल," आत्या म्हणाली.

ती मला विचारत नव्हती.